आडे मॅडम बसल्या तेव्हा

विमल आडे आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. त्या म्हणाल्या, "राहू द्या सर, मले उभंच बरं वाटते." आम्हाला वाटलं, नवीन आहेत, संकोचतात. पुढे कळलं की संकोच वगैरे काही नव्हतं. बाईंना खरंच उभंच बरं वाटायचं. मधल्या सुटीत आम्ही सगळे टेबलाभोवती डबे उघडून बसायचो, तर ह्या खिडकीला टेकून, डबा डाव्या हातावर धरून जेवायच्या आणि नजर बाहेर मैदानावर ठेवायच्या. कोणी फार आग्रह केला तर म्हणायच्या, "खुर्चीत कायले बसू? मले का लग्न लावून घ्याचं हाये?"

पुसदच्या त्या शाळेत मी मराठी शिकवत असे. माझा आणि मैदानाचा संबंध पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीपुरता. पण का कोण जाणे, बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला आपलं मानलं. मला त्या 'ताई' म्हणत, वयानं माझ्यापेक्षा फार लहान नव्हत्या तरी.

उंच, सावळ्या, सडसडीत. केसांची घट्ट वेणी, अंगात निळा ट्रॅकसूट. त्या तांड्यात वाढलेल्या, बंजारा. आईशी फोनवर गोरबोली बोलत, आमच्याशी वऱ्हाडी, आणि प्रार्थनेच्या वेळी माइक हातात आला की एकदम पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलू लागत. "विद्यार्थिनींनी शिस्तबद्ध रीतीने प्रस्थान करावे," असं माइकवर म्हणून झालं की माइक बंद करून ओरडत, "ए पोट्टेहो, ढकलाढकली काहून करून राह्यले?"

त्यांची एक गंमत अशी की माणसाला त्या चालीवरून ओळखायच्या. वऱ्हांड्यात पावलं वाजली की पाठमोऱ्या उभ्या असूनही सांगत, "कारकून साहेब आले. टाच घासते त्याइची." मला एकदा म्हणाल्या, "ताई, तुमी पर्स बदला. निरा एकाच खांद्यावर वजन घेऊन घेऊन तुमची चाल वाकडी झाली." मी पर्स बदलली नाही, पण खांदा मात्र बदलत राहिले.

आणि सगळ्या दुखण्यांवर त्यांचं औषध एकच: मैदानाच्या दोन फेऱ्या. मुलीचं डोकं दुखतंय, दोन फेऱ्या. गणिताच्या पेपरची धास्ती, दोन फेऱ्या. मैत्रिणीशी भांडण झालंय, दोघींनी मिळून दोन फेऱ्या. "आधी मारून ये, मंग सांग काय झालं ते." आणि खरंच, बऱ्याच मुली फेऱ्या मारून आल्या की सांगायचं विसरून जात. माझी आई गेली, सुतक संपवून मी शाळेत आले, तेव्हा सगळे येऊन काही ना काही बोलून गेले. आडे मॅडम काही बोलल्या नाहीत. शाळा सुटल्यावर माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला." आम्ही दोघी मैदानाभोवती चाललो, अवाक्षर न बोलता. दुसरी फेरी संपता संपता मला जे रडू आलं, ते आई गेल्यापासून पहिल्यांदा आलेलं होतं. त्यांनी माझी पर्स आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "अजून एक मारू."

त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ उभा केला तो शून्यातून. पुसदसारख्या गावात मुलींना खेळायला पाठवा म्हणून घरोघर सांगत फिरणं काही सोपं नव्हतं. पल्लवी नावाची एक मुलगी सातवीत होती. वाऱ्यासारखी पळायची. पण तिचे वडील गजाननभाऊ, गावाबाहेर त्यांचं कपाशीचं वावर, ते काही केल्या तिला सरावाला पाठवेनात. बाई त्यांच्या घरी गेल्या.

"पोट्टीले खेळाले पाठवतो मॅडम," गजाननभाऊ म्हणाले, "आन मंग कापूस काय तुमी वेचाल?"

ते चिडून बोलले होते. पण बाई म्हणाल्या, "येतो ना मी. किती वाजता येऊ?"

आणि रविवारी सकाळी त्या ट्रॅकसूटवर एक जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून, कमरेला ओटी बांधून वावरात हजर. लहानपणी तांड्यावर हेच काम केलेलं, हात विसरले नव्हते. पल्लवीची आई सांगत होती, "मायबाप, त्या तं माह्या पुढं निघून गेल्या." त्या हंगामातले कितीतरी रविवार बाईंनी तिथे काढले आणि पल्लवीनं शाळेच्या मैदानावर. शेवटी गजाननभाऊंनाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाले, "मॅडम, तुमी नका येऊ आता. लोक मले नावं ठेवून राह्यले." पुढे हेच गजाननभाऊ प्रत्येक सामन्याला सगळ्यांत पुढे, आणि पल्लवीनं एखादी बाद केली की ओरडून आजूबाजूच्यांचे कान किटवणारे.

पल्लवी नववीत गेली त्या वर्षी पावसाळा सरता सरता पुसदमध्ये सर्दी-तापाची साथ आली. कोरोनाचे दिवस मागे पडले होते; मास्क कपाटात गेले होते आणि खोकल्याला कोणी भीत नव्हतं. अर्धी शाळा खोकत होती. बाईंनाही ताप आला. दोन दिवस घरी राहिल्या, आणि अंगात कणकण असतानाच परत मैदानावर. जिल्ह्याचे सामने तोंडावर आले होते.

मी म्हटलं, "अहो, अजून दोन दिवस पडून राहा की."

"ताप घामासंगं निघून जाते ताई. पडून राह्यलं का तो आंगात घर करते."

खोकला हळूहळू गेलाही. पण बाई काही पूर्वीच्या दिसेनात. जिना चढताना मधेच थांबून भिंतीवरचा सूचना फलक वाचत उभ्या राहायच्या. त्या फलकावर महिनोन्महिने एकच सूचना होती. डबा अर्धा परत जायचा. त्यांचे यजमान दिलीपभाऊ एस.टी.त कंडक्टर; त्यांनी नंतर सांगितलं की आडवं झालं की बाईंना दम लागायचा, म्हणून उशांवर उशा ठेवून टेकून झोपत होत्या आणि कोणाला सांगायचं नाही अशी त्यांना शपथ घातली होती. हे सगळे तुकडे आम्ही नंतर जोडले. तेव्हा प्रत्येकाजवळ एकेकच तुकडा होता.

सामन्यांसाठी यवतमाळला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आठवीला व्याकरण शिकवत होते. पल्लवी धावत वर्गाच्या दारात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम, आडे मॅडम बसल्या."

"बसल्या म्हणजे?"

"खाली बसल्या. मैदानात."

दुसऱ्या कोणाबद्दल असं कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बसू दे. पण त्या मुलीला जे कळलं होतं ते मलाही कळलं. मी खडू टाकून धावले. माझ्या मागे शिक्षकांच्या खोलीतले सगळे.

खो-खोच्या खांबाला पाठ लावून बाई मातीत बसल्या होत्या. एक हात जमिनीवर टेकलेला. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, आणि मुली भोवती गोल करून उभ्या, कोणीच जवळ जायला धजत नव्हतं.

"काही नाई," त्या म्हणाल्या. "उलीसं गरगरलं. छातीत धडधड धडधड होऊन राह्यली निरा."

मुख्याध्यापकांच्या गाडीतून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला वायर लावून पट्टी काढली, रक्त तपासलं, आणि आम्हाला बाहेर बोलावून म्हणाले, "हृदयावर ताण आहे. हा झटका आहे की दुसरं काही, ते इथे नाही कळणार. ताबडतोब यवतमाळला हलवा." दिलीपभाऊ वाशीमच्या गाडीवर होते, त्यांना फोन गेला. सोबत बाई माणूस हवं म्हणून रुग्णवाहिकेत मी चढले.

दिग्रस मागे पडेपर्यंत त्या बोलतच होत्या. तोंडावर ऑक्सिजन, तरी मास्क खाली ओढून मला सांगत होत्या. "उद्या पल्लवीले पहिल्या तुकडीत पाठवू नका जी. तिसऱ्या तुकडीत ठेवा. आन कोमल घाबरते, तिले म्हना समोरचीच्या डोळ्याकडं पाहू नको, कंबरेकडं पाह्य."

"मॅडम, बोलू नका," रुग्णवाहिकेतला मदतनीस म्हणाला.

"नाई बोलत. कोमलले सांगजा बरं ताई."

मग समोरच्या यंत्राचा आवाज एकाएकी भराभर व्हायला लागला आणि त्या खरंच बोलायच्या थांबल्या. माझा हात घट्ट धरून वर छताकडे बघत राहिल्या. बोलत होत्या तोवर मला भीती वाटली नव्हती. यवतमाळ येईपर्यंतचा तो उरलेला रस्ता मला अजून आठवतो. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली होती, आणि ती किती छान दिसतेय असंही मनात आलं, आणि त्याची लाजही वाटली.

हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या डॉक्टर होत्या एक तरुण बाई. त्यांनी तातडीनं हृदयाच्या नसा तपासल्या. दिलीपभाऊ तोवर खाकी गणवेशातच येऊन पोचले होते, खांद्याला तिकिटांचं यंत्र तसंच लटकलेलं.

"नसा स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे अडथळा नाही. हा नेहमीचा हार्ट अटॅक नव्हे. मागे ताप-खोकला झाला होता का?"

"झालता. पन तो बरा झाला," दिलीपभाऊ म्हणाले.

"खोकला बरा झाला. पण त्या विषाणूशी लढता लढता हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. फार जणांना होत नाही, पण होतं. आणि त्या सुजलेल्या हृदयानिशी या पळत होत्या. हृदयानं जेवढं रक्त ढकलायला हवं त्याच्या निम्मंही ते ढकलत नाहीये. पुढचे काही दिवस जपायचे आहेत."

त्या काही दिवसांत एकदा ठोके अगदीच बिघडले. काचेच्या दारामागे माणसं धावली, पडदा ओढला गेला, आणि आम्ही बाहेर उभे. दिलीपभाऊ तिकिटांच्या यंत्राची बटणं उगाच दाबत राहिले. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी नुसती मान हलवली, होकाराची. दिलीपभाऊ तिथेच भिंतीला टेकले.

तिकडे मुलींचा संघ मैदानावर उतरलाच नाही. मुख्याध्यापकांनी न्यायचं ठरवलं होतं, पण मुली म्हणाल्या, मॅडमशिवाय नाही.

बाई जरा सावरल्या, सामान्य कक्षात आल्या, तेव्हा डॉक्टर पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या. मी आणि बाईंची आई तिथेच होतो. आई तांड्यावरून आलेली, हातभर गोंदण, कानाशी चांदीचे घुंगरू. तिला मराठी समजायचं, पण ती बोलायची गोरबोलीतच.

"पाय मुरगळला तं आमी पट्टी बांधतो डॉक्टर," आडे मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवस जमिनीवर टेकवू देत नाई पोरीले. याले कशी बांधाची पट्टी?"

"तीच तर अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाला थांबवून ठेवता येत नाही. त्याला कामावर राहूनच बरं व्हायचंय. म्हणून मग तुम्ही थांबायचं."

"म्हंजे किती?"

"गोळ्या चालू राहतील. सहा महिने तरी पळणं नाही, उड्या नाहीत, जड उचलणं नाही. मग पुन्हा सगळं तपासू. त्याआधी बरं वाटलं तरी नाही. वाटण्यावर जाऊ नका."

"पायऱ्या?"

"कमी. आणि हळू."

"शिट्टी तं वाजवू शकतो ना?"

डॉक्टर हसल्या. "सध्या नको."

एवढा वेळ सगळं धीरानं ऐकणाऱ्या बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अतिदक्षता कक्षात असतानाही न रडलेली ती बाई शिट्टीसाठी रडली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बेस, याडी, बेस." याडी म्हणजे आई. ते लोक लेकीलाही लाडानं आईच म्हणतात. बस गं माझी आई, बस.

मग बाई घरी आल्या आणि बसल्या. ते बसणं पाहवत नसे. मी शाळेतून जाताना डोकवायची, तर ओसरीवर पाय पसरून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रागानं पाहत बसलेल्या. कोणी विचारलं, "कशी हाये तब्येत?" तर म्हणत, "पाहून राह्यले ना, मूर्तीसारखी बसवून ठेवली." पहिले काही आठवडे त्या सगळ्यांवरच चिडत होत्या, डॉक्टरांवर, गोळ्यांवर, बिचाऱ्या दिलीपभाऊंवर.

एक दिवस मला म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का? मले आता ते सारखं ऐकू येते. भाजी निसतो तरी ऐकू येते. एखादा ठोका इकडं-तिकडं झाला का वाटते, गेलं. आधी ते आत हाये हेच मले मालूम नोतं. इतकी वर्षं बिचारं काम करून राह्यलं, मी कधी विचारलंच नाई त्याले."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्यातून त्यांना बाहेर काढलं आईनं. म्हातारी काही तांड्यावर परत गेली नाही. ती जन्मभर भरतकाम करत आलेली, आरसे, कवड्या, रंगीत दोरे. लेकीला मात्र ते कधी शिकवता आलं नव्हतं, कारण लेक एका जागी सापडायचीच नाही. आता सापडली होती. म्हातारीनं सुई ओवून तिच्या हातात दिली. बाईंनी आधी कुरकुर केली, मग चिडून का होईना टाके घालायला लागल्या. आणि ते टाके असे की आई हसून हसून बेजार. एक ओळ पूर्वेला, एक पश्चिमेला. "याडी म्हनते, बैलानं शिवल्यावानी दिसून राह्यलं," बाई मला सांगत आणि स्वतःच हसत. त्यांनी शिवलेली पहिली पिशवी माझ्याकडे आहे. एक आरसा उलटा बसला आहे. त्यात काहीच दिसत नाही. भाजी आणायला मी अजून तीच नेते.

रजा संपल्यावर त्या शाळेत आल्या. मुख्याध्यापकांनी कडुलिंबाखाली त्यांच्यासाठी खुर्ची ठेववली होती. मुली रांगेत उभ्या राहून पाहत होत्या, मॅडम काय करतात. मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि बसल्या. बसून म्हणाल्या, "मी ओरडनार नाई आता. ज्याले ऐकाचं त्यानं जवळ याचं." आणि मुली खरंच जवळ येऊन ऐकायला लागल्या.

महिनाभरानं मला म्हणाल्या, "एक गोष्ट हाये ताई. उभी होती तेव्हा मले पोट्ट्याइचे तोंडं दिसत. बसली तं पाय दिसून राह्यले. कोमल वळते तेव्हा तिचा डावा पाय जमिनीत रुतते. इतके दिवस तिले आळशी म्हनत होती मी." कोमलचा पाय त्यांनी खुर्चीत बसून सरळ केला.

उन्हाळ्यात यवतमाळला पुन्हा तपासण्या झाल्या. हृदयाचं चित्र काढलं, दिवसभर छातीला यंत्र बांधून ठोके मोजले. मी सोबत गेले होते. डॉक्टर कागद पाहत होत्या आणि बाई डॉक्टरांचा चेहरा.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "सूज गेली. जोर परत आलाय. ठोके नीट आहेत."

"पळू?"

"चाला. महिनाभर नुसतं चाला. मग हळूहळू."

दुसरी कोणी असती तर दारातूनच पळत सुटली असती. आडे मॅडम महिनाभर नुसत्या चालल्या. आधी माझ्या गतीनं, मग त्याहून थोड्या जास्त. मग एके सकाळी म्हणाल्या, "तुमी या हळूहळू," आणि पूस नदीच्या पुलावरून अलगद पळत पुढे गेल्या. थोडंसंच. पलीकडे थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. मी हात केला. त्यांनीही केला.

मग आला तो प्रसंग, ज्यामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं.

पल्लवी आता दहावीत. शाळेकडून खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला, आणि आदल्या आठवड्यात पल्लवीला ताप आला. ताप उतरला, खोकला राहिला. ती म्हणाली, मी बरी आहे. दिसतही बरी होती. बाईंनी तिला दोन जिने चढायला लावून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू खेळनार नाईस."

संध्याकाळी गजाननभाऊ शाळेत आले. मी तिथेच वह्या तपासत होते.

"मॅडम, हे काय ऐकून राह्यलो मी? पोट्टी वर्षभर घाम गाळून राह्यली. वरच्या पातळीवर खेळली तं दहावीत मार्क वाढते तिचे. साध्या खोकल्यापायी बसवता?"

"माह्याबी साधाच होता भाऊ."

"तुमचं वेगळं! तुमचं वय काय, तिचं वय काय? इथं अर्धं गाव खोकते, सारे का दवाखान्यात जाऊन पडले?"

"नाई पडले. बहुतेक कोनालेच काही होत नाई. हिलेबी नाई होनार."

"मंग?"

"मंग काही नाई. मी पाठवनार नाई."

"तुमी माह्या वावरात येऊन कापूस वेचला होता तिच्यासाठी," गजाननभाऊंचा आवाज चिरकला. "तेव्हा पोरगी घरी बसली तं तुमाले चालत नोतं. आन आज तुमीच बसवून राह्यल्या?"

बाई म्हणाल्या, "तवाबी तिच्यासाठीच आलती भाऊ."

मुख्याध्यापकांनीही बोलून पाहिलं. शाळेचं नाव, चषक, सगळं. बाई म्हणाल्या, "सर, तुमी दुसऱ्या कोनासंगं संघ पाठवा. मी असन तं ती नाई खेळनार." संघ त्यांच्याचसोबत गेला, पल्लवीशिवाय. कोमल जिवाच्या आकांतानं खेळली. आणि आम्ही हरलो, अगदी थोडक्यात.

त्यानंतर बाईंनी स्वतः पल्लवीला दवाखान्यात नेलं. गजाननभाऊ सोबत होते, तोंड फिरवून. छातीला वायर लावून पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. काहीही नव्हतं.

"म्हंजे काहीच नोतं!" गजाननभाऊ उसळले. "फुकट गेलं सारं!"

"हो ना," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता. "काहीच नाई निंगालं भाऊ. काहीच नाई."

गजाननभाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. नंतर एकदा बाजारात भेटले तेव्हा मला म्हणाले, "मले लय राग आलता ताई. पन त्या बाईचं तोंड पाह्यलं ना, तं वाटलं, इतका आनंद तं मलेबी नाई झाला, आन पोरगी माही होती."

पल्लवी मात्र बाईंशी बोलेना. दिवाळी गेली, बोलेना. वऱ्हांड्यात समोरून आली की खाली पाही. बाईंनी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. "तिचा राग खरा हाये," म्हणत. "मी असती तं मीबी नसती बोलली." थंडीत एका खुल्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. बाईंनी पल्लवीचं नाव पाठवलं आणि निरोप कोमलकडे दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पल्लवी उभी. बाईंनी विचारलं, "खोकला?" ती म्हणाली, "नाई मॅडम." मग जरा थांबून, "राग हाये अजून." बाई म्हणाल्या, "राहू दे. रागात चांगली पळशीन." पल्लवी निवडली गेली. त्या संघाचा चषक काही आमच्या शाळेच्या कपाटात येणार नव्हता, पण गजाननभाऊंनी गावभर पेढे वाटले.

आता आमच्या शाळेत ताप आलेली मुलगी आपणहून मैदानाच्या कडेला बसते आणि तिला कोणी हसत नाही. शेजारच्या शाळांचे खेळाचे शिक्षक बाईंना फोन करून विचारतात, "एक पोट्टी तापातून उठली, कधीपासून पळवू?" बाई ठरावीक उत्तर देत नाहीत. आधी विचारतात, "जिना चढताना थांबते का? रात्री सपाट झोपते का? छातीत दुखते का? हो म्हनली तं डॉक्टरले दाखवा, मले नका विचारू."

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले आणि यवतमाळला मुलाकडे राहायला आले. निघायच्या आधी होळी होती. बाई म्हणाल्या, "धुळवडीले तांड्यावर या. आमची होळी नाई पाह्यली तं काय पाह्यलं तुमी पुसदात राहून?"

मी गेले. सकाळचं ऊन चढायला लागलं होतं. डफ वाजत होते, बाया लेंगीची गाणी म्हणत होत्या. आडे मॅडम घागऱ्यात होत्या, कोपरापर्यंत बांगड्या, डोक्यावर आरशांची ओढणी. मी क्षणभर ओळखलंच नाही. माझ्या हातात ताकाचा पेला देऊन त्या बायांच्या घोळक्यात शिरल्या. गोल फिरायला लागला, आधी हळू, मग जलद. त्यांची आई माझ्या शेजारी बसून मांडीवर ताल धरत होती. लेकीकडे एकदाही काळजीनं पाहिलं नाही तिनं.

माझ्या गाडीची वेळ झाली. आता बाईंना मधूनच कसं बोलावणार, म्हणून मी आईलाच हात जोडले आणि निघाले. तांड्याचा रस्ता टेकडी चढून सडकेला लागतो. वर पोचल्यावर मी थांबून मागे पाहिलं. खाली धूळ उडत होती, डफाचा आवाज इथवर येत होता, आणि तो लाल-पिवळा गोल फिरत होता. मी बराच वेळ नजर लावून पाहिलं. पण सगळ्याच पळत होत्या, सगळ्यांच्याच ओढण्या उडत होत्या, आणि त्यातल्या आडे मॅडम कुठल्या, ते मला काही ओळखू आलं नाही.